ट्रॅप आणि स्कीट: चकती एकच, शिकवणी वेगळी

शॉटगनची, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीची, नेमबाजी सुधारावी म्हणून जो माणूस पहिल्यांदाच प्रशिक्षकाकडे जातो, त्याला ‘ट्रॅप शिकायचे आहे की स्कीट?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो बहुधा गोंधळतो. हा गोंधळ स्वाभाविक आहे. दोन्ही प्रकारांत हवेत फेकलेली मातकट रंगाची किंवा भडक नारिंगी चकती फोडायची असते. ती ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन्हीकडे बारा बोअरची बंदूक आणि जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस चालते, आणि दोन्हीकडे एका फेरीत २५ चकत्या असतात. साहित्य इतके सारखे असताना शिकवणी वेगळी का असावी, असे नवख्याला वाटले तर त्यात नवल नाही.

भेद समजून घ्यायचा तर साहित्य बाजूला ठेवून नेमबाजाला आधी काय ठाऊक असते आणि काय नसते, एवढेच पाहावे. ट्रॅपमध्ये चकती कधी येणार हे ठाऊक असते, पण ती कोणत्या दिशेने जाणार हे ठाऊक नसते. ऑलिंपिक पद्धतीच्या स्कीटमध्ये ती कोठून निघून कोणत्या वाटेने जाणार हे तंतोतंत ठाऊक असते, पण नेमकी कधी निघणार हे ठाऊक नसते. बाकीचे बहुतेक फरक, म्हणजे उभे राहण्याची ढब, बंदूक धरण्याची जागा, नळीचे तोंड किती आवळलेले असावे, इतकेच काय प्रशिक्षक कुठे उभा राहून काय पाहतो हेसुद्धा, या एका गोष्टीतून निघतात.

ऑलिंपिक ट्रॅपमध्ये नेमबाजांच्या पुढे १५ मीटरवर एक खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रे तीन-तीनच्या पाच गटांत बसवलेली असतात. नेमबाजांसाठी पाच जागा एका सरळ रेषेत असतात आणि प्रत्येक जागेच्या समोर एक गट येतो. नेमबाजाने हाक देताच आवाजावर चालणारी यंत्रणा समोरच्या तीनपैकी एका यंत्रातून चकती सोडते. ती नेमबाजापासून दूर जाते आणि वर चढत जाते. तिचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक असतो आणि ती डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कोन करू शकते. पात्रता फेरीत एका चकतीवर दोन बार टाकता येतात, मात्र अंतिम फेरीत एकच. तीनपैकी कोणते यंत्र सुटेल हे आधी कळत नसले तरी एका फेरीत प्रत्येक नेमबाजाला १० डावीकडच्या, १० उजवीकडच्या आणि ५ मधल्या चकत्या मिळाव्यात अशी वाटणी असते. त्यामुळे काही जण मनात हिशेब ठेवू लागतात. माझ्या मते ही सवय पहिल्या दिवसापासूनच मोडावी, कारण ज्याने उजवीकडची चकती गृहीत धरली आहे त्याचे शरीर ती सुटण्याआधीच उजवीकडे झुकलेले असते.

स्कीटचे मैदान याहून अगदी निराळे दिसते. दोन टोकांना दोन घरे असतात: डावीकडच्या उंच घरातून चकती जमिनीपासून सुमारे तीन मीटरवरून बाहेर पडते, तर उजवीकडच्या बुटक्या घरातून जेमतेम एक मीटरवरून. या दोन घरांच्या दरम्यान अर्धवर्तुळावर सात जागा आणि मध्यभागी आठवी जागा असते; नेमबाज एकेक जागा पुढे सरकत कधी एकेरी, तर कधी दोन्ही घरांतून एकाच वेळी सुटणाऱ्या जोडचकत्या फोडतो. चकत्यांच्या वाटा कधीच बदलत नाहीत, बदलते ती नेमबाजाची जागा. त्यामुळे तीच चकती कधी समोरून अंगावर येते, कधी दूर जाते आणि कधी डोळ्यांसमोरून आडवी निघून जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत हाक दिल्यापासून तीन सेकंदांपर्यंत केव्हाही चकती सुटू शकते, आणि ती दिसेपर्यंत दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, खांद्याला लावता येत नाही. जाकिटावर खाली आखलेल्या पट्टीपाशीच तो टेकवून ठेवावा लागतो. एका चकतीवर एकच बार मिळतो.

इथे थोडे थांबून नावांकडे पाहण्यासारखे आहे, कारण दोन्ही खेळांचा स्वभाव त्यांच्या उगमातच दिसतो. ट्रॅप हे नाव जिवंत कबुतरे सोडण्याच्या सापळावजा पेट्यांवरून आले. पुढे कबुतरांची जागा चकत्यांनी घेतली, पण पक्षी कोणत्या बाजूला उडेल याची अनिश्चितता तशीच राहिली. स्कीट मात्र सरावासाठीच जन्माला आले. १९२०च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस आणि त्यांच्या सोबत्यांनी पक्ष्यांच्या शिकारीचा सराव व्हावा म्हणून एक पूर्ण वर्तुळ आखून घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे त्याभोवती जागा ठरवल्या. शेजारी कोंबड्यांचे पालन सुरू झाल्यावर त्या बाजूला बार टाकणे अशक्य झाले, आणि वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले. स्कीट हे नाव १९२६ साली एका मासिकाने घेतलेल्या स्पर्धेतून निवडले गेले. एकेका कोनाचा पुन्हापुन्हा सराव करावा यासाठीच जो खेळ आखला गेला, तो शिकवायला सोयीचा असणारच. ऑलिंपिकमध्ये ट्रॅप पहिल्यांदा १९०० मध्ये आले, तर स्कीट १९६८ मध्ये.

आता शिकवणीकडे वळू. स्कीटमध्ये प्रशिक्षकाच्या हाती एक मोठी सोय असते: चूक झाली की तीच चकती, त्याच जागेवरून, हवी तितक्या वेळा पुन्हा मागवता येते. चौथ्या जागेवरून आडवी जाणारी चकती नेमबाजापासून साधारण वीस मीटरवर असते. छर्ऱ्यांना तेवढे अंतर कापायला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात चकती सुमारे एक मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून बार चकतीवर नव्हे, तर तिच्या पुढे टाकावा लागतो. हे गणित वहीवर सोपे आहे, पण नवखा माणूस पुढे अंतर धरल्यावर ते तपासून पाहण्यासाठी क्षणभर नळी थांबवतो आणि बार मागे पडतो. मागे उभा असलेला जाणकार शिक्षक नळीच्या रेषेवरून हे ओळखतो आणि ‘आणखी पुढे धरा’ असे न सांगता ‘बार झाल्यावरही बंदूक फिरती ठेवा’ असे सांगतो. अंतर मुळात बरोबरच होते. थांबली ती बंदूक. शिकवणीचे पैसे कुठे वसूल होतात असे कोणी विचारले, तर मी याच जागेकडे बोट दाखवीन, कारण स्वतःची थांबलेली नळी स्वतःला जवळजवळ कधीच दिसत नाही.

ट्रॅपमध्येही बार मागे पडतो किंवा खाली जातो, पण त्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. तिथे दस्ता हाक देण्याआधीच खांद्यात बसवलेला असतो, गाल दस्त्यावर टेकलेला असतो आणि नजर नळीच्या टोकावर न ठेवता खंदकाच्या पलीकडे सैल सोडलेली असते. चकती सुटताच ती स्पष्ट पाहण्याच्या ओढीने नेमबाज गाल उचलतो, किंवा नुसता रंगाचा पट्टा दिसताच घाईने बंदूक झटकतो. म्हणून ट्रॅपचा शिक्षक नळीपेक्षा तुमच्या मानेकडे आणि डोळ्यांकडे अधिक पाहतो. तो चकती आधी नीट दिसू द्यायला शिकवतो, मग हलायला. हे सारे एका सेकंदाच्या आत व्हायचे असते, कारण चकती क्षणाक्षणाला दूर जाते आणि तीस-पस्तीस मीटरवर छर्रे विरळ होऊ लागतात. ट्रॅपच्या बंदुकीचा चोक, म्हणजे नळीचे तोंड, आवळलेला आणि स्कीटच्या बंदुकीचा मोकळा असतो तो यासाठीच. चकती वर चढत असल्यामुळे ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ताही सहसा असा बेतलेला असतो की छर्रे दिसणाऱ्या रेषेपेक्षा किंचित वर जावेत.

ज्याची बंदूक अंगाला बसत नाही, किंवा ज्याचा प्रबळ डोळा (नेम धरताना मेंदू ज्यावर अधिक विसंबतो तो) दस्ता लावलेल्या खांद्याच्या उलट बाजूचा आहे, त्याला यातले काहीच नीट शिकवता येत नाही. म्हणून पहिला तास या दोन गोष्टी तपासण्यात गेला तर तो वाया गेला असे समजू नये. कान आणि डोळे झाकणे, पाळी येईपर्यंत बंदूक उघडी व रिकामी ठेवणे आणि बोट चापाबाहेर ठेवणे हे दोन्हीकडे सारखेच.

आधी काय शिकावे याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. दस्ता खांद्याला लावूनच सुरुवात करता येते म्हणून काही जण ट्रॅप सुचवतात, आणि तो युक्तिवाद पोकळ नाही. तरीही मला स्कीट आधी योग्य वाटते, मात्र ऑलिंपिकच्या कडक नियमांनी नव्हे. सुरुवातीला बंदूक खांद्यावर घेऊन, सातव्या जागेवरून बुटक्या घराची दूर जाणारी चकती घ्यावी, कारण तिथे पुढे अंतर धरण्याची गरज जवळजवळ नसते. मग एकेक जागा सरकत आडव्या चकत्यांकडे यावे, आणि हात बसल्यावरच दस्ता खाली ठेवून उचलण्याचा सराव करावा. अमेरिकी पद्धतीच्या स्कीटमध्ये बंदूक आधीच खांद्यावर ठेवण्याची मुभा असते आणि चकती हाकेसरशी सुटते, त्यामुळे शिक्षक कोणत्या पद्धतीबद्दल बोलत आहे हे आधीच विचारून घ्यावे. अमेरिकी ट्रॅपही ऑलिंपिक ट्रॅपहून सौम्य आहे: तिथे खंदकाऐवजी एकच यंत्र डावी-उजवीकडे डुलत राहते आणि कोन लहान असतात.

एका प्रकारात हात बसलेला माणूस दुसऱ्याकडे गेला की त्याची जुनी सवय आडवी येते. स्कीटचा नेमबाज ट्रॅपच्या जागेवर उभा राहतो आणि ठाऊक नसलेली वाट मनात आखू पाहतो. ट्रॅपचा नेमबाज स्कीटमध्ये हाक देताच हलतो आणि चकती दोन सेकंदांनी सुटते, तेव्हा त्याची बंदूक भलतीकडेच असते. म्हणून दोन्हींची वही वेगळी ठेवावी. स्कीटच्या वहीत जागा, घर आणि बार मागे गेला की पुढे हे लिहावे. ट्रॅपच्या वहीत कोन, पहिला बार की दुसरा, आणि गाल दस्त्यावर होता की नाही, हे लिहावे. शेवटची नोंद प्रशिक्षकाला विचारूनच करावी.