नव्ह-शापेल आणि रिशबूर : स्मारक नेमके कोणत्या गावाचे?

फ्रान्सच्या उत्तरेकडील पा-द-काले जिल्ह्यात नव्ह-शापेल आणि रिशबूर ही दोन खेडी एकमेकांना लागून आहेत. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा लागला नाही अशा 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांचे आणि सैन्यातील कामगारांचे स्मारक ‘नव्ह-शापेल स्मारक’ या नावाने ओळखले जाते. त्यामुळे ते नव्ह-शापेलमध्येच असणार, असे आपण सहज समजून चालतो. प्रत्यक्षात ते रिशबूरच्या हद्दीत उभे आहे. नाव एका गावाचे आणि जमीन दुसऱ्या गावाची, असा हा प्रकार आहे.

हा घोळ समजून घ्यायचा तर फ्रान्समधील कम्यून म्हणजे काय, हे आधी लक्षात घ्यावे लागते. कम्यून हा तिथल्या कारभाराचा सर्वांत खालचा घटक असून त्याला स्वतःचा मेयर आणि निवडून आलेली परिषद असते. आपल्या ग्रामपंचायतीशी त्याचे साम्य आहे. मात्र तिथे दोनशे वस्तीचे खेडे आणि पॅरिससारखे महानगर या दोहोंना कम्यूनच म्हणतात. शिवाय देशातील प्रत्येक शेत आणि प्रत्येक चौक कोणत्या ना कोणत्या कम्यूनमध्ये मोडतो. त्यामुळे नव्ह-शापेलच्या वस्तीपासून नैर्ऋत्येला सुमारे 800 मीटर चालत गेले की गावाची शीव ओलांडून आपण रिशबूरमध्ये पोचलेले असतो.

दोन्ही गावांची भूमी एकसारखीच आहे. लीस नदीच्या खोऱ्यातला हा सपाट, सखल, चिकणमातीचा प्रदेश असून पाणी जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते. पूर्वेला ओबेरचा कडा आहे. ‘कडा’ म्हटले तरी तो भोवतालच्या शेतांहून जेमतेम वीसेक मीटर उंच. पण अशा सपाटीवर तेवढी उंचीही तोफखान्याच्या निरीक्षकाला पुरेशी होती, आणि ती जर्मनांच्या ताब्यात होती. खोल खंदक खणले की त्यांत पाणी भरायचे, म्हणून सैनिकांना जमिनीवरच मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून त्यांच्या आड राहावे लागे.

गावांची घडण मात्र वेगळी आहे. नव्ह-शापेल म्हणजे ‘नवे प्रार्थनामंदिर’. हे लहानसे, एकसंध खेडे आहे. आजचे रिशबूर 1971 साली रिशबूर-लाव्हुए आणि रिशबूर-सँ-व्हास्त ही दोन कम्यून एकत्र करून तयार झाले. सँ-व्हास्त हे नाव आरास येथील मठाचे, तर ‘आव्हुए’ म्हणजे मठाच्या मालमत्तेचे रक्षण करणारा सरदार. बेत्यूनच्या सरदारांकडे ही जबाबदारी वंशपरंपरेने होती. युद्धकाळातील कागदपत्रांत आणि नकाशांत जुनी दोन नावे येतात, आजच्या नकाशावर एकच दिसते, आणि शोध घेणाऱ्याचा गोंधळ इथे आणखी वाढतो.

युद्धात काही काळ ही दोन गावे आघाडीच्या दोन बाजूंना होती. ऑक्टोबर 1914 च्या अखेरीस जर्मनांनी नव्ह-शापेल घेतले. 28 ऑक्टोबरला ते परत मिळवण्यासाठी झालेल्या हल्ल्यात 47 वी शीख पलटण होती आणि तिच्याबरोबर पुण्याजवळील खडकीहून आलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 व्या आणि 21 व्या कंपन्या होत्या. आज ‘बॉम्बे सॅपर्स’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या या दलात मराठा, शीख आणि मुसलमान जवान होते. पूल बांधणे आणि सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांना पायदळासारखे वापरले गेले. ते गावात शिरले, घराघरांतून लढले. पण मागून कुमक न आल्याने त्यांना माघार घ्यावी लागली, आणि तोवर दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले होते. मराठी वाचकाने या गावाची आठवण ठेवावी, याला माझ्या मते हा एक दिवसही पुरेसा आहे.

मोठी लढाई 10 ते 13 मार्च 1915 या काळात झाली. सकाळी साडेसातला सुरू झालेला तोफांचा भडिमार 35 मिनिटे चालला आणि त्यानंतर पायदळ पुढे सरकले. गाव त्याच दिवशी हाती आले, पण ओबेरचा कडा शेवटपर्यंत मिळाला नाही. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून भारतीय दलाची हानी सुमारे 4,200 झाली. पहिल्याच दिवशी धारातीर्थी पडलेल्या गबरसिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचे नाव याच स्मारकावर आहे.

आता स्मारकाची जागा पाहू. एस्तेरहून ला बासेकडे जाणारा रस्ता आणि ‘र्‍यू द्यु ब्वा’ हा रस्ता जिथे मिळतात, त्या चौकाला ब्रिटिश सैनिक ‘पोर्ट आर्थर’ म्हणत. मार्च 1915 मध्ये हा चौक ब्रिटिशांकडे होता आणि गढवाल ब्रिगेडच्या हल्ल्याची उजवी बाजू त्याला लागून होती. म्हणजे स्मारकाला नाव मिळाले ते जे गाव जिंकायचे होते त्याचे, आणि ते उभे राहिले जिथून जवान निघाले त्या बाजूला. त्यामुळे ‘स्मारक चुकीच्या गावात आहे’ असे म्हणणे मला पटत नाही.

हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या या वास्तूचे उद्घाटन 7 ऑक्टोबर 1927 रोजी झाले. वर्तुळाकार आवाराच्या एका बाजूची भिंत दगडी जाळीची आहे आणि दुसऱ्या बाजूच्या भरीव भिंतीवर नावे कोरलेली आहेत. मध्ये सुमारे 15 मीटर उंचीचा स्तंभ असून त्याच्या माथ्यावर कमळ आहे, पायथ्याशी दोन बाजूंना दोन दगडी वाघ आहेत. ईश्वर एकच आहे आणि विजय त्याचाच आहे, या अर्थाचे वचन इंग्रजीत, तर त्याच धर्तीचे मजकूर अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत स्तंभाच्या खालच्या भागावर आहेत. फ्रान्सच्या त्या ओल्या शेतांमध्ये कमळ, जाळी आणि वाघ असे एकत्र उभे आहेत.

रिशबूरच्या हद्दीत जवळच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, तीत 1,831 कबरी आहेत. ती 9 एप्रिल 1918 च्या लीसच्या लढाईची आठवण देते, मार्च 1915 ची नव्हे. उलट नव्ह-शापेलमधील युद्धात भग्न झालेली क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती 1958 साली पोर्तुगालला देण्यात आली आणि ती आता बाताल्या येथील मठात आहे.

आपल्या घराण्यातील कुणाचे नाव शोधायचे असल्यास राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत ते नव्ह-शापेल स्मारकाखाली पाहावे आणि नकाशावर वाट शोधताना रिशबूर लिहावे. स्मारकावर नाव आहे म्हणून ती व्यक्ती नव्ह-शापेलच्याच लढाईत गेली, असे मात्र धरून चालू नये. फ्रान्स आणि बेल्जियममधील इतर ठिकाणी बेपत्ता झालेल्यांची नावेही याच भिंतीवर आहेत, आणि काही भारतीयांची नावे बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेट या बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर कोरलेली आहेत.