प्रेषणवेग अनुकूलन, बिनतारी जाळ्यांतील

बिनतारी जाळ्यात माहिती पाठवण्याचा वेग तरंगमार्गाच्या, म्हणजे रेडिओतरंग ज्या वाटेने जातात तिच्या, स्थितीनुसार क्षणोक्षणी वरखाली करण्याची पद्धत. वाय-फाय राउटर, मोबाइलचे टॉवर आणि हातातले फोन या सर्वांत ती असते. ‘रेंज फुल्ल आहे, पण नेट रांगतंय’ या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा फोनने किंवा राउटरने धरलेली वेगाची खालची पायरी असते.

या कल्पनेचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकवाक्यता नाही. वाय-फायवरील लेखनात कामरमन व मोंटेबान यांच्या ‘ऑटो रेट फॉलबॅक’पासून, म्हणजे एआरएफपासून, सुरुवात करण्याचा प्रघात आहे. त्यांनी ती पद्धत १९९७ मध्ये वेव्हलॅन-२ या यंत्रणेच्या वर्णनात मांडली. ज्यावर संकेत (सिग्नल) क्षीण होत असतो अशा मार्गाच्या क्षमतेवरील गोल्डस्मिथ व वरैया या संशोधकांचे गणितही त्याच वर्षीचे असल्याने १९९७ हेच आरंभवर्ष धरण्याचा मोह होतो. संदेशवहन सिद्धांताचे अभ्यासक मात्र आणखी मागे जातात व हेझ (१९६८) आणि केव्हर्स (१९७२) यांची नावे जोडीने घेतात. ही जोडी तपासून घ्यायला हवी. हेझ यांच्या मांडणीत बदलते ती प्रेषणाची शक्ती. वेग बदलता ठेवण्याचा विचार केव्हर्स यांचा. म्हणून प्रस्तुत विषयापुरते कल्पनेचे श्रेय केव्हर्स यांना आणि वाय-फायमधील चालू पद्धतीचे श्रेय एआरएफला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

वेग सलग बदलत नाही, त्याला ठरलेल्या पायऱ्या असतात. आयईईई ८०२.११ या वाय-फायच्या मूळ मानकात (१९९७) सेकंदाला १ व २ मेगाबिट अशा दोनच होत्या; १९९९ च्या ‘बी’ सुधारणेने ५.५ व ११ या पायऱ्यांची भर घातली आणि त्याच वर्षीच्या ‘ए’ सुधारणेत ६ पासून ५४ पर्यंत आठ पायऱ्या आल्या. ‘ए’मध्ये माहिती ४८ उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या अरुंद वारंवारतांवर, वाटली जाते. तळच्या पायरीवर प्रत्येक उपवाहक एका वेळी १ बिट नेतो व त्यातले निम्मे चूकदुरुस्तीत खर्ची पडतात. वरच्या पायरीवर तो ६ बिट नेतो व तीन-चतुर्थांश कामी येतात. म्हणजे दर ४ मायक्रोसेकंदांना २१६ बिट, हाच ५४ चा हिशेब. मानकानुसार ग्राहकाला ६ च्या पायरीवर उणे ८२ डीबीएम (संकेताची शक्ती मोजण्याचे एकक) एवढा संकेत पुरतो, ५४ साठी उणे ६५ लागतो. हा फरक शक्तीत सुमारे पन्नासपट भरतो.

पायरी केव्हा बदलायची हे मानक सांगत नाही. ते उपकरण बनवणाऱ्यावर सोडले आहे. एआरएफचा नियम साधा होता: लागोपाठ दोन पॅकेटांची (माहितीच्या तुकड्यांची) मिळाल्याची पोच आली नाही की एक पायरी खाली, सलग दहांची आली की एक वर. पण पोच न येण्याची कारणे दोन असतात, संकेत क्षीण होणे आणि दोन उपकरणांच्या पॅकेटांची टक्कर. नुसत्या पोचेवरून ती ओळखू येत नाहीत.

दोन्ही कारणे सोलापुरात पाहायला मिळतात. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात राउटर ऑफिसच्या भिंतीवर, आत लोखंडी मागांच्या रांगा आणि डोक्यावर पत्रा, अशी रचना सर्रास आढळते. २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १२.५ सेंमी, म्हणजे साधारण अर्धी वीत. लोखंडावरून उलटलेले तरंग एकमेकांना कोठे बळ देतात, कोठे मारतात. चादरीची घडी उचलताना खिशातला फोन चार बोटे सरकला तरी संकेत कोसळू शकतो. (मागांच्या खडखडाटाचा यात काही संबंध नाही, तसा समज मात्र आहे.) येथे पायरी उतरणे योग्यच.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर ‘गड्डा’ ही जत्रा भरते, तेव्हा गोष्ट उलटी होते. गर्दीतली शरीरे तरंग शोषतात हे खरे, पण मुख्य अडचण टक्करींची. तेथे वेग उतरवला तर पॅकेट हवेत जास्त वेळ राहते आणि टक्करीची शक्यता आणखी वाढते. १५०० बाइटच्या पॅकेटला ११ मेगाबिटवर जेमतेम १.१ मिलिसेकंद लागतो, १ मेगाबिटवर १२. दूरच्या पाळण्यापाशी एकच फोन तळच्या पायरीवर असला तरी राउटरजवळचे सगळे त्याच्या मागे रखडतात. ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हा दोष दाखवून दिला.

पुढच्या पद्धती याच कोड्याभोवती फिरतात. एआरएफच्या सुधारित रूपाने, एएआरएफने (२००४), वर चढण्याची घाई आवरली, तर सॅम्पलरेटने (२००५) पॅकेट पोचायला लागणारा एकूण वेळ मोजायला सुरुवात केली. लिनक्स या संगणकप्रणालीतील मूळ मिन्स्ट्रेल पद्धत सुमारे एक-दशांश पॅकेटे इतर पायऱ्या चाचपण्यासाठी वापरत असे आणि दर १०० मिलिसेकंदांनी हिशेब ताजा करत असे. अनेक चिपनिर्मात्यांच्या पद्धती गोपनीय असतात.

मोबाइल जाळ्यात अंदाज बांधण्याची गरज कमी. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीमध्ये, फोनच मार्गाची गुणवत्ता ० ते १५ या अंकांत टॉवरला कळवतो. टॉवर त्यावरून, साधारण दहात एक गठ्ठा पहिल्या खेपेस चुकेल अशा बेताने, वेग ठरवतो; हे वाटप दर मिलिसेकंदाला बदलू शकते.