जन्म ९ मार्चला, बाप्तिस्मा २ मार्चला: आयरिश नोंदींतला घोळ

आयरिश पूर्वज शोधायला बसलं की कधी ना कधी असं मूल भेटतंच, ज्याचा बाप्तिस्मा आधी झालाय आणि जन्म नंतर. सरकारी दाखल्यावर जन्म ९ मार्च, चर्चच्या वहीत बाप्तिस्मा २ मार्च. शोधणारा मग ठरवून टाकतो की ही दोन वेगळी मुलं, किंवा कुणीतरी आकडा चुकीचा वाचलाय. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज फसतात. मूल एकच असतं आणि आकडेही बरोबर वाचलेले असतात. गल्लत होते ती जन्मनोंद आणि बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे एकाच माहितीच्या दोन प्रती, असं धरून चालण्यात.

जन्मनोंद सरकारची. आयर्लंडमध्ये ती १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. त्याआधी, १८४५ पासून, फक्त कॅथलिक नसलेल्यांची लग्नं नोंदली जात होती. रजिस्ट्रार म्हणजे बहुतेक ठिकाणी गोरगरिबांच्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर. त्याच्यापुढे कुणीतरी जाऊन सांगायचं आणि त्याने लिहून घ्यायचं. ठरावीक मुदत उलटली की भुर्दंड. दवाखाना लांब, शेतीची कामं अंगावर, आणि या नव्या कायद्याचं कुणाला फारसं अप्रूपही नव्हतं. मग उशीर झालाच तर सांगणारा जन्मतारीखच थोडी पुढे सरकवायचा. डॉक्टर काही खातरजमा करायला पाळण्यापर्यंत जात नसे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाचा जन्म १ जूनला लावून दिला, त्यातलाच हा प्रकार. कित्येक मुलांची तर नोंदच झाली नाही, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत.

बाप्तिस्म्याची नोंद फादरची, आणि ती त्याने स्वतः केलेल्या विधीची. बाप्तिस्म्याविना बाळ दगावलं तर त्याला स्वर्ग नाही, अशी तेव्हाच्या कॅथलिक घरांत पक्की समजूत. त्यामुळे एक-दोन दिवसांचं बाळ उचलून चर्चमध्ये न्यायचे. दंडाची भीती नाही, तारीख सरकवण्याचं कारण नाही. म्हणून दोन तारखा भांडायला लागल्या की मी डोळे झाकून चर्चची धरतो. बाप्तिस्मा २ मार्चचा असेल तर मूल २ मार्चला किंवा त्याच्या आधी, बहुधा एक-दोनच दिवस आधी जन्मलं, मग दाखला काहीही म्हणो.

तारखेपुरतं ठीक, पण ठिकाणाच्या बाबतीत पारडं उलटं झुकतं. सरकारी नोंदीत जन्माची जागा टाउनलँडपर्यंत लिहिलेली असते. टाउनलँड म्हणजे आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यांत लहान नाव असलेला तुकडा, एखाद्या वाडीएवढा; असे ६०,००० हून जास्त आहेत. पुढे बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, आणि ज्याने खबर दिली त्याची सही किंवा अक्षरओळख नसेल तर फुलीची खूण. हा खबर देणाऱ्याचा रकाना नीट वाचावा. आजी किंवा मावशी तिथेच सापडते. मुलाच्या नावाचा रकाना कधी कधी कोराच असतो, कारण नोंदणीवेळी नाव ठरलेलंच नव्हतं. बाप्तिस्म्याचं नाव मागाहून चढवायला शेवटी वेगळा रकाना होता, पण तो भरायला परत येतंय कोण? अशा वेळी नावाने शोधून काहीच हाती लागत नाही. आडनाव, वर्ष आणि जिल्हा एवढ्यावरच शोधायचं.

चर्चच्या वह्यांची तऱ्हा वेगळी. पुष्कळशा लॅटिनमध्ये आहेत. जेम्स तिथे जॅकोबस होतो, विल्यम गुलिएल्मस. जी बाई वहीत होनोरा, तीच घरात नोरा आणि अमेरिकेला जाताना हॅना. ब्रिजेटची डेलिया होते. कॉर्क-केरीकडचा डायर्मड कागदावर जेरमाया म्हणून उतरतो. त्यात काही फादर टाउनलँड लिहितात, काही लिहीत नाहीत. पण गॉडफादर-गॉडमदरची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावं बहुतेक असतातच, आणि ते सहसा नात्यातलेच. सुलिव्हन आडनावाच्या दहा घरांतलं आपलं घर कुठलं, हे ओळखायला त्यांचाच आधार.

'सगळं १९२२च्या आगीत जळालं' हे वाक्य मात्र सोडून द्यावं. ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उद्ध्वस्त झालं. त्यात १८२१ ते १८५१च्या जनगणना बहुतांश गेल्या, आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त वह्याही गेल्या. पण सरकारी जन्मनोंदी तिथे नव्हत्या आणि कॅथलिक वह्या तर आपापल्या पॅरिशमध्येच, म्हणजे त्या-त्या भागाच्या चर्चकडेच, होत्या. वही नसेलच, तर ती बहुधा तेव्हा लिहिलीच गेली नव्हती. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये वह्या १८२०-४० नंतर कुठे सुरू होतात.

१८६४च्या आधी जन्मलेल्यांना ही अडचण त्यांच्या हयातीतच भोवली. १९०९च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली आणि वयाचा पुरावा कुणाकडेच नव्हता. मग बाप्तिस्म्याच्या वह्या आणि तेव्हा शाबूत असलेल्या १८४१, १८५१च्या जनगणना धुंडाळल्या गेल्या. ६ जानेवारी १८३९च्या महावादळाची आठवण सांगणं हाही वयाचा पुरावा झाला. १९०१ आणि १९११च्या जनगणना शेजारी ठेवून पाहा, दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं सापडतील. जनगणनेतलं वय धरून जन्मवर्ष काढत असाल तर दोन्ही बाजूंना चांगली पाच-सात वर्षं मोकळी सोडा.

शोधायची ठिकाणंही वेगळी. शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदींच्या प्रतिमा आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी साइटवर फुकट दिसतात. कॅथलिक वह्या साधारण १८८० पर्यंतच्या, नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये फुकट खुल्या केल्या. मात्र तिथे नावाने शोधायची सोय नाही, पॅरिश माहीत हवी. इथे पुन्हा माणसं अडकतात, कारण दाखल्यावरचा जिल्हा म्हणजे पॅरिश नव्हे. तो गरीब-कायद्याच्या युनियनचा, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी गावं एकत्र जोडून केलेला जिल्हा, बाजारपेठेच्या गावाच्या नावाचा. बॅलिनस्लोच्या हद्दीत गॉलवे आणि रॉसकॉमन अशा दोन काउंट्यांची गावं येतात. आधी टाउनलँड, मग तिची कॅथलिक पॅरिश, असं जावं.

१९०८ नंतर एक सोय झाली. लग्न लागलं की त्याची खबर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायची, असा चर्चचा नियम आला. त्यामुळे जुन्या नोंदीच्या समासात कधी कधी शिकागोच्या एखाद्या चर्चचं आणि नवऱ्याचं नाव बारीक अक्षरात मिळतं. जन्माच्या दाखल्यावर असलं काही मिळत नाही.

कामाच्या वेळी मात्र वजन दाखल्यालाच. आजी-आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर नागरिकत्व मागता येतं. तिथे जन्माचा सरकारी दाखला मागतात, आणि त्यावर ९ मार्च असेल तर अर्जातही ९ मार्चच लिहायचा.

आणि पूर्वज ब्रिटिश फौजेतला आयरिश शिपाई असून मूल पुण्याच्या किंवा नगरच्या छावणीत जन्मलं असेल, तर आयर्लंडच्या जन्मनोंदींत त्याला शोधणं व्यर्थ. मुंबई इलाख्यातल्या चर्चांनी पाठवलेल्या बाप्तिस्म्यांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, एन-३ या क्रमांकाखाली.