बाटली कचरा कधी ठरली? सायकल शर्यतींतल्या एका नियमाची पार्श्वभूमी

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने मुळशी-मावळच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय नियमावलीखालची शर्यत झाली. त्या नियमावलीतलं एक कलम थेट रस्त्याकडेच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचतं. कचरा टाकण्यासाठी आखून दिलेल्या पट्ट्याबाहेर खेळाडूने रिकामी बाटली टाकायची नाही, समोर एखादं पोर हात पसरून उभं असलं तरीही.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. बाटली धातूची, बुचाची. ती फेकली तर पुढे पाणी कशात भरणार? 1950 च्या दशकात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. पुढे त्या स्वस्त झाल्या, त्यांच्यावर प्रायोजकांची नावं झळकली आणि टूर द फ्रान्स बघायला आलेली मुलं त्या आठवण म्हणून घरी नेऊ लागली. 1980 च्या दशकात जेलची, म्हणजे शर्यतीत ताकद टिकवणाऱ्या घट्ट गोड पाकाची, पाकिटं आली. जेलचं खरं दुखणं पाकीट नव्हे, दातांनी तोडलेला चिमूटभर तुकडा. पाकीट निदान जर्सीच्या खिशात कोंबता येतं, तुकडा वाऱ्यावर जातो.

1 एप्रिल 2021 पासून सायकलिंगच्या जागतिक संघटनेने नियम कडक केले. कचरा फक्त ठरलेल्या पट्ट्यांत, नाहीतर दंड, गुणकपात किंवा थेट बाद. पण ‘कचरा’ या एकाच शब्दात जेलचा तुकडा आणि प्रेक्षकाला दिलेली बाटली दोन्ही बसवली गेली, आणि घोळ तिथेच झाला. जी वस्तू कुणीतरी आनंदाने उचलून घरी नेतं, तिला कचरा कसं म्हणायचं?

तीनच दिवसांनी, 4 एप्रिलला, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत एका स्विस खेळाडूने प्रेक्षकांच्या दिशेने बाटली टाकली आणि पंचांनी त्याला बाद केलं. नंतर त्याने खुलं पत्र लिहिलं. 1997 मध्ये आईवडिलांसोबत टूर द फ्रान्स बघायला गेलेला असताना त्याला एका संघाची पिवळी बाटली मिळाली होती, आणि व्यावसायिक खेळाडू होण्याचं स्वप्न त्या बाटलीने जागं ठेवलं होतं. त्याच महिन्यात नियमातली शिक्षा सौम्य झाली: एकदिवसीय शर्यतीत पहिल्या चुकीला दंड आणि गुणकपात, बाद दुसऱ्या वेळी; अनेक दिवस चालणाऱ्या टप्प्यांच्या शर्यतीत बाद तिसऱ्या वेळी.

संघटनेची बाजू पोकळ नव्हती. रस्त्यावर उसळून परतलेली बाटली मागच्या घोळक्याच्या चाकांखाली येते. 2020 च्या जिरो द इटालिया या इटलीतल्या शर्यतीत टूर द फ्रान्सच्या एका माजी विजेत्याची सायकल रस्त्यावरच्या बाटलीवरून गेली, तो पडला आणि कंबरेचं हाड मोडून शर्यतीबाहेर गेला. मात्र ती बाटली कुणी प्रेक्षकाला दिलेली नव्हती. शर्यत खरी सुरू होण्याआधीच्या संथ पट्ट्यात ती रस्त्यावर पडून होती. भेट दिलेल्या बाटलीवर बंदी घालून असला अपघात टळला नसता.

धावण्याच्या शर्यतींत शिक्षेपेक्षा आयोजकांनीच वाटप बदलण्याकडे कल राहिला. लंडन मॅरेथॉनमध्ये 2018 साली 9 लाख 20 हजार बाटल्या होत्या. 2019 साठी त्या 7 लाख 4 हजारांवर आणल्या गेल्या आणि एका ठिकाणी समुद्री शेवाळापासून केलेल्या, खाता येणाऱ्या आवरणातून पेय दिलं गेलं. सहारातल्या मॅराथॉन दे साब्ल शर्यतीत बाटलीवर धावपटूचा क्रमांक लिहिला जाऊ लागला, म्हणजे वाळूत सापडलेली बाटली कुणाची हे कळावं.

जेलच्या त्या तुकड्यावर उपाय नियमावलीतून नाही, कारखान्यातून आला. काही उत्पादकांनी तोंड फाडल्यावरही तुकडा पाकिटालाच लटकत राहील अशी पाकिटं काढली आहेत.