पुढचा शॉकअप आणि मागचा शॉकअप एक नाही

"चारी शॉकअप बदलून टाका." आमच्या अण्णांनी गॅरेजमध्ये एवढंच सांगितलं होतं. गाडी २०११ची स्विफ्ट, सव्वा लाख किलोमीटर चाललेली, आठवड्यातून दोनदा अंबाजोगाई-लातूर करणारी. गॅरेजवाल्याने चारही बदलले आणि बिलावर एकच ओळ लिहिली: शॉकअप, चार नग. गाडी मऊ झाली, अण्णा खूश झाले. चार महिन्यांनी पंक्चर काढायला चाक उतरवलं तेव्हा दिसलं की पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेत. बाहेरून बघणाऱ्याला ते टायर नवेच वाटत होते. तशा टायरवर घरातली माणसं रोज प्रवास करत होती, हे मला आजही विसरता येत नाही.

नंतर दुसऱ्या गॅरेजमधल्या उस्तादांनी समजावलं, तेव्हा घोळ कळला. मागे जे बदललं ते शॉकअप होते. पुढे जे बदललं ते स्ट्रट. आपल्याकडे चाकाजवळ दिसणाऱ्या प्रत्येक काळ्या नळकांड्याला शॉकअप म्हणायची सवय आहे, आणि दुकानातसुद्धा "फ्रंट शॉकअप, रिअर शॉकअप" असंच मागतात. नाव कुठलंही चालेल. पण दोघांचं काम वेगळं आहे, बदलायची रीत वेगळी आहे आणि बदलल्यानंतर करायचं कामही वेगळं आहे.

आधी शॉकअप. गाडीचं ओझं शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते, किंवा बोलेरोच्या मागच्या बाजूसारखे पाटे असतील तर पाटे पेलतात. पण स्प्रिंगला एकदा दाबून सोडलं की ती झोपाळ्यासारखी वरखाली होत राहते. ती हालचाल थांबवणारा तो शॉकअप. आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक वाटा असलेला पिस्टन असतो, आणि तेलाला त्या वाटांतून जबरदस्तीने जावं लागतं म्हणून हालचाल मंदावते. चाकाची उसळी तिथे उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस किलोमीटर येऊन थांबलात तर चांगला शॉकअप हाताला कोमट किंवा गरम लागतो. एका बाजूचा गरम आणि दुसरा गारच असेल तर गार असलेला काम करत नाही असं समजायला हरकत नाही.

म्हणूनच "गाडी खाली बसली, शॉकअप गेले" हे निदान बहुतेक वेळा चुकतं. उंची स्प्रिंगच्या हातात असते. गाडी एका बाजूला कलली असेल तर आधी स्प्रिंग तुटली आहे का ते बघा. टोकाचा वेढा तुटून खालच्या वाटीत पडलेला असतो आणि चटकन दिसतही नाही.

आता स्ट्रट. याच्याही पोटात तेच तेल आणि तसाच पिस्टन, म्हणजे शॉकअपचं काम तो करतोच. पण त्याशिवाय तो चाकाला धरून उभा असतो. त्याचं खालचं टोक चाकामागच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, जाड बोल्टांनी आवळलेलं असतं. अंगावर वाटीसारखी बैठक असते, तिच्यावर स्प्रिंग बसते. वर गाडीच्या अंगाला जोडणारं माउंटिंग आणि बेअरिंग असतं, म्हणून स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट फिरतो. इंग्रजीत या शब्दाचा अर्थच टेकू. ब्रेक मारताना, वळणावर, खड्ड्यात चाकावर जो आडवा जोर येतो तो या टेकूवर येतो, आणि म्हणूनच याचा दांडा मागच्या शॉकअपच्या दांड्यापेक्षा कितीतरी जाड असतो. दोन्ही शेजारी ठेवले तर अंगठा आणि करंगळीइतका फरक डोळ्यांना दिसतो.

उस्तादांनी मला एका वाक्यात उकल करून दिली. "दादा, मागचा काढला तरी गाडी चार चाकांवर उभी राहते. पुढचा काढला की चाक बाहेर लोळतं."

स्ट्रट ओळखायला स्प्रिंग अंगावर आहे की नाही, ही खूण मात्र धरू नका. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाला मागे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग होती, तरी तिचं मागचं चाक धरून ठेवणारा आर्म वेगळा होता. मोटारसायकलवरून हे लगेच पटतं. मागच्या शॉकअपवर स्प्रिंग असते, पण चाक धरतो तो स्विंगआर्म. पुढचा फोर्क मात्र हँडलबरोबर फिरतो, चाक धरतो आणि झटकाही खातो. फोर्क स्ट्रटच्या जवळचा, मागचा शॉकअप तो शॉकअपच.

स्ट्रटची ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची. जनरल मोटर्समध्ये तो शेवरोलेच्या एका छोट्या गाडीवर काम करत होता, तो बेत बारगळला, आणि १९४७ मध्ये तो फोर्डमध्ये गेला. १९५०च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरला त्याचे स्ट्रट लागले. सुटे भाग कमी आणि इंजिनाशेजारी जागा मोकळी राहते, त्यामुळे आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना ही रचना फार सोयीची पडली. मारुती ८०० पासून आपल्या दारातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हेच आहेत.

आपल्या भागात हे भाग लवकर थकतात, त्यात जमिनीचा मोठा हात आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डा पडायच्या आधीच लाटांसारखा होतो. त्यात कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात आणि चाकोऱ्या खोल होतात. अशा लाटांवर सत्तरच्या वेगाने जाताना गाडी होडीसारखी हेलकावत असेल, एक लाट संपली तरी अंग डोलतच असेल, तर तेलाची पकड गेली आहे. रात्री पुढच्या उजेडाचा पट्टा रस्त्यावर सतत वरखाली होणं हीही तीच खूण. ब्रेक दाबला की नाक खाली जाणं, टायरवर हात फिरवला की जागोजागी खळगे लागणं, हेही त्यातच आलं.

स्ट्रटच्या आणखी दोन तक्रारी आहेत, ज्या मागच्या शॉकअपला कधी होत नाहीत. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की बोनेटखालून "टंग" असा आवाज येतो. वरचं बेअरिंग अडकलेलं असतं, स्प्रिंग पीळ खाते आणि एकदम सुटते. दुसरी, बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून येणारी खटखट. इथे घाई करू नका. ती बऱ्याचदा लिंक रॉडची, म्हणजे स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या छोट्या दांडीची असते, आणि लिंक रॉड स्ट्रटच्या मानाने फारच स्वस्त आहे. आधी तो तपासून घ्या.

तेलाचंही तसंच. दांड्याजवळ नुसती ओलसर धूळ असेल तर चालतं. नळकांड्यावरून ओघळ खाली आलेला असेल आणि त्यावर मातीचा काळा लेप बसला असेल, तर तो भाग संपला. बोनेट दाबून सोडायची जुनी चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, पण स्ट्रटमध्ये घर्षण जास्त असल्याने अर्धा थकलेला तिच्यात पास होतो.

बदलायची वेळ आली की खरा फरक कळतो. स्विफ्टसारख्या गाडीचा मागचा शॉकअप म्हणजे वरचं एक टोक, खालचं एक टोक. जॅक आणि स्टँड लावून, मागच्या अॅक्सलला खालून आधार देऊन एखादा हुशार पोरगाही सोडवू शकतो. रबर बुशचा (टोकातल्या रबरी कड्याचा) शेवटचा आवळा मात्र गाडी स्वतःच्या वजनावर आल्यावर द्यायचा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

स्ट्रटचं तसं नाही, आणि इथे मी हात जोडून सांगतो. ती स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते. दांड्यावरचा जो नट तिला दाबून ठेवतो, तो स्प्रिंग क्लॅम्पने आवळल्याशिवाय सोडला तर माउंटिंग गोळीसारखं उडतं. माणसं त्यात जखमी झालेली आहेत. उस्तादांनी दोन क्लॅम्प समोरासमोर लावले, एकाला चार आटे, मग दुसऱ्याला चार आटे, असं करत स्प्रिंग सारखी आवळली, आणि ती वाटीत मोकळी हलायला लागल्यावरच वरच्या नटाला पाना लावला. पूर्ण वेळ तोंड बाजूला. ज्या गॅरेजमध्ये हे क्लॅम्प नाहीत किंवा तारेने बांधून काम भागवतात, तिथून गाडी परत आणा.

जुना स्ट्रट सुटल्यावर त्यांनी दांडा हाताने खाली दाबला. तो गेला आणि तिथेच राहिला. नव्याचा दाबला तर हळूहळू, एका चालीने, स्वतःहून वर आला. आतल्या गॅसचा तो जोर.

दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, हा नियम पुढे-मागे सारखाच. पण स्ट्रटला डावा-उजवा असतो, ब्रेकच्या नळीची आणि लिंक रॉडची पट्टी बाजूप्रमाणे असते. स्ट्रट बाहेर आलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप (दांडा पूर्ण दबला की झटका खाणारा रबरी ठोकळा) आणि धुळीचं रबर त्याच वेळी नवं घाला. तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायला नको.

आणि अण्णांचे टायर ज्यामुळे गेले ती गोष्ट. नकलचे बोल्ट सुटले की चाकाचा कल बदलू शकतो, कारण चाक उभं कसं राहणार ते ठरवणाऱ्यांत स्ट्रटही आहे. सोडण्याआधी खूण केली तरी नवा भाग जुन्याइतकाच बसेल याची खात्री नसते. म्हणून स्ट्रट बदलला की व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कल आणि दिशा मापून नीट लावणं, आलीच. मागच्या शॉकअपनंतर सहसा तिची गरज पडत नाही. आमच्या पहिल्या गॅरेजने चारही नग एकाच मापाने मोजले आणि पुढची अलाइनमेंट राहून गेली.

आता अण्णा स्वतः बिलावर चार ओळी लिहून घेतात: पुढचे स्ट्रट, माउंटिंग-बेअरिंग, मागचे शॉकअप, अलाइनमेंट. आणि अलाइनमेंटचा छापील कागद गाडीच्या कप्प्यात ठेवतात. दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून ते पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवतात. गेल्या दिवाळीपासून कड झिजून गुळगुळीत झालेली लागलेली नाही.