बहुविषयक अभ्यास व संशोधन (कोल्हापूर)

बहुविषयक अभ्यास व संशोधन (कोल्हापूर) : एकाच प्रश्नाकडे दोन किंवा अधिक विद्याशाखांच्या साधनांनी पाहण्याची महाविद्यालयीन पद्धती व कोल्हापूर परिसरात तिला आलेले रूप. पदवीला ‘स्पेशल’ विषयाच्या जोडीने इतर विषय घेणे हा या संज्ञेचा रूढ अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार केलेला नाही. कोल्हापुरात अनेक विषय एकत्र आले ते बहुधा अभ्यासक्रमामुळे नव्हे, तर समोर असलेल्या एखाद्या वस्तूमुळे : पांढरीचे (जुन्या वस्तीच्या जागेचे) टेकाड, देवळातला किरण, नदीचा पूर.

आरंभ : येथील महाविद्यालयीन शिक्षण १८८० पासून, म्हणजे राजाराम कॉलेजपासून मोजण्याचा प्रघात आहे. १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निधन पावलेल्या छत्रपती राजाराम महाराजांचे नाव कॉलेजला दिलेले आहे. कॉलेजचे वर्ग आधीच चालू असलेल्या हायस्कुलाच्या अंगाने वाढले. त्या हायस्कुलापासून मोजल्यास आरंभ मागे जातो. पदवीच्या अभ्यासाचा विचार करता १८८० हेच साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे काही शिक्षण येथेच झाले. करवीर नगर वाचन मंदिर (१८५०) हे ग्रंथालय मात्र कॉलेजहून जुने आहे, म्हणजे गावात पुस्तके आधी आली आणि प्राध्यापक नंतर.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग (दोन्ही १९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८) अशी वसतिगृहे निघाली. त्यांचा विचार सामाजिक सुधारणेच्या संदर्भात नेहमी होतो. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले, म्हणूनच वर्ग भरले आणि नवे विषय उघडणे परवडले, हा संबंधही ध्यानात घ्यावा लागतो.

ब्रह्मपुरी : पंचगंगेकाठच्या या टेकाडाचे उत्खनन हे बहुविषयक कामाचे येथील सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रारंभीच्या खोदकामाशी निगडित असलेले प्रा. के. जी. कुंदणगार हे राजाराम कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक होते. कोल्हापूर परिसरातील जुने शिलालेख मोठ्या प्रमाणावर कन्नडात असल्याने भाषेचा माणूस पुरातत्त्वाकडे वळला, यात नवल नाही. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे थर उजेडात आले. येथे सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहान मूर्ती आहे. ती रोमन जगातून व्यापाराने आली की परदेशी नमुन्यावरून इथे घडली, असा प्रश्न निघतो. घडण पाहता ती आयात मानण्याकडेच अभ्यासकांचा कल आहे. त्याच वस्तूंतील स्वारांसह असलेला हत्ती मात्र भारतीय कारागिरीचा मानतात. पोसायडनची मूर्ती इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या आसपासची असावी. परंतु मूर्तीची घडण एका काळातली आणि ती जमिनीत गेली तो काळ दुसरा असू शकतो, एवढे भान ठेवावे लागते. या वस्तू टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहेत.

किरणोत्सव : अंबाबाई (महालक्ष्मी) मंदिरात मावळतीचे किरण महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे त्याचे रूढ दिवस. पहिल्या दिवशी किरण चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी व तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, असा क्रम सांगतात. सण तिथीने येतात आणि हा तारखेने, याचे कारण साधे आहे : येथे चंद्राचा काही संबंध नाही. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी हे मधले दिवस दक्षिणायनान्ताच्या (२१-२२ डिसेंबर) अलीकडे व पलीकडे सारखेच, सुमारे ४१ दिवसांवर पडतात. दोन्ही वेळी सूर्याची दक्षिण क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे १७ अंश असते, त्यामुळे तो क्षितिजाला पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस टेकतो.

यावरून मंदिराचा काळ काढता येईल, असे अधूनमधून सुचवले जाते. मूळ मंदिर चालुक्यकालीन, सातव्या शतकाच्या सुमाराचे, असा रूढ समज आहे. उभ्या वास्तूचा बराच भाग शिलाहारांच्या काळात घडला असावा. पण किरणांचा पुरावा या वादात उपयोगी पडत नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी घटतो, म्हणजे तेराशे वर्षांत जेमतेम १० कला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). या दिवसांत सूर्याची क्रांती एका दिवसातच १६-१७ कलांनी बदलते. तेव्हा तेराशे वर्षांचा सगळा फरक एका दिवसाच्या फरकाहूनही लहान आहे. किरण चुकलेच, तर त्याचे कारण आकाशात शोधण्याआधी महाद्वार रोडकडे पाहावे : उंच इमारती, पत्रे, फलक, वायरी, शिवाय ढग, धूळ आणि हवेतील बाष्प. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक-विद्यार्थी या काळात लक्समीटर घेऊन उभे राहतात आणि टप्प्याटप्प्यावर प्रकाशाची तीव्रता नोंदवतात. अडथळे मोजण्याचे काम सर्वेक्षणाचे. भाविकांच्या गर्दीत वही सांभाळत आकडा लिहिणारा विद्यार्थी हे दृश्य येथे अपरिचित नाही.

नदी व तळे : कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून झालेल्या पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्यानंतर पूर हा केवळ भूगोलाचा विषय राहिला नाही. पूररेषा स्थापत्य अभियांत्रिकीची, ऊस कुजण्याचा हिशेब शेतीचा, आणि स्थलांतर समाजशास्त्राचे. ‘धोक्याची पातळी’ हा शब्द बी.ए.च्या आणि बी.ई.च्या मुलाला सारखाच कळतो, हे या शहराचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. पदवीच्या पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी शहरातला रंकाळा तलाव हे तर ठरलेले ठिकाण : केंदाळाचे दोन-चार फोटो, पाण्याच्या नमुन्याची एक बाटली, टपरीवाल्यांची प्रश्नावली आणि शेवटी झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग. त्यांतले पुष्कळ प्रकल्प गेल्या वर्षीच्या प्रकल्पांवरून उतरवलेले असतात, हे कबूल करायला हवे. पाण्याचे नमुने खरोखर घेणारी मुलेही असतात.

विद्यापीठ : १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, उद्‌घाटन राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केले. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे ब्रीदवाक्य. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार असल्याने ताराबाईकालीन कागदपत्रांसारखी साधनप्रकाशने लवकर हाती घेतली गेली. जुन्या संस्थानी दप्तराचा मोठा साठा शहरातील पुराभिलेखागारात आहे आणि त्यातला बराच मोडीत. त्यामुळे राधानगरी धरणाचा किंवा संस्थानी कारखानदारीचा अर्थशास्त्रीय अभ्यास करू पाहणाऱ्यालाही आधी मोडी गिरवावी लागते. वनस्पतिशास्त्रात डॉ. श्री. रं. यादव व सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या (सेरोपेजिया) जाती नोंदवण्याचे व विद्यापीठाच्या उद्यानात जतन करण्याचे काम केले. त्यासाठी कडेकपारीतील गुराख्यांची माहिती नकाशाइतकीच उपयोगी पडते. गुळावरील काम प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात चालते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषयासोबत दुय्यम व अन्य शाखेतील विषय घेण्याची तरतूद झाली असून पदवीचा अभ्यास श्रेयांकांत (क्रेडिट) मोजला जातो. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनुसार बंद झाली, त्यामुळे एम.ए., एम.एस्सी.नंतर ‘गाईड’ मिळवून थेट पीएच.डी.ला नोंदणी करावी लागते.