ताप उतरला, आता दोन दिवस डोळ्यांत तेल घालून

डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि नेमकं तेव्हाच लक्ष ढळतं. खरं तर पुढचे 24 ते 48 तास सर्वांत जोखमीचे. काही रुग्णांत या काळात केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी पोटाच्या, छातीच्या पोकळीत झिरपतं. रक्त दाटतं, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसत्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, मोजू नका. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, असतो, एचसीटी किंवा पीसीव्ही या नावाने. तो 40 वरून 48 वर गेला, म्हणजे 20 टक्के वाढला, तर पाणी झिरपतंय असं समजावं. पण तुलनेला आधीचा आकडा हवा. त्यासाठी तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच एकदा सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशी मोजणारी तपासणी, करून ठेवावी. प्लेटलेट्स 50 हजारांपर्यंत उतरल्या म्हणून रक्तपेढ्यांकडे होणारी धावपळ बहुतेक वेळा अनाठायी असते. रक्तस्राव नसेल तर 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या सहसा चढवाव्या लागत नाहीत.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मुलांना वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. अंग कितीही ठणकलं तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. कमरेत इंजेक्शनही नको. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच कालवा; अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. चार ते सहा तासांत एकदा लघवी व्हायला हवी. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, काळी शी, ग्लानी किंवा तगमग, यांपैकी एकही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.

आणि ओळखीच्या कुणाकडून घरीच सलाईन लावून घेणं टाळा. दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी रक्तात परतू लागतं. तेव्हाही सलाईन चालूच राहिलं तर फुप्फुसात पाणी साचून धाप लागते.

ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. एडिस डास दिवसा चावतो, रुग्णाच्या रक्तातला विषाणू उचलतो आणि आठ-दहा दिवसांनी घरातल्याच दुसऱ्याला देऊ शकतो.

आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायची, त्या कोरड्या दिवसाचं गणितही अनेकदा चुकतं. पिंप रिकामं केलं, पुन्हा भरलं, तरी अळ्या होतात. कारण मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेलगत ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. धूरफवारणीने उडते डास मरतात, अंड्यांना काही होत नाही. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे काथ्याने किंवा ब्रशने आतून खरवडून घासा. ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर टाका आणि भांडं घट्ट झाका.